वाळूजची ठिणगी आणि आकाशातला कण
(प्रस्तावना)

आकाशातून काही पडलं की आपल्याकडे त्याची बातमी होते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, ऐन गुढीपाडव्याला, मराठवाडा-विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. गच्चीवर असलेल्यांनी मोबाइल काढले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. ते चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. त्याआधी दहा वर्षं, २२ मे २०१२ च्या भर दुपारी, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर खरेखुरे अशनी पडले होते. त्यांचे तुकडे पुढे प्रयोगशाळांत गेले, आणि एरवी पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारं एक खनिज त्यात मिळाल्याचं खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं. हे सगळं पेपरात आलं आणि यायलाच हवं होतं.

ही पुस्तिका ज्या वस्तूबद्दल आहे ती पेपरात येत नाही, कारण ती रोज पडते. केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून थोडे मोठे असे अवकाशातले कण अहोरात्र पृथ्वीवर उतरत असतात. त्यांना सूक्ष्म अशनी म्हणतात. अंटार्क्टिकातल्या कॉन्कॉर्डिया या फ्रेंच-इटालियन केंद्राच्या परिसरात स्वच्छ बर्फ खणून, वितळवून, गाळून फ्रेंच संशोधकांनी वर्षानुवर्षं हे कण वेचले. त्यावरून २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा : ३० ते २०० मायक्रोमीटर आकाराचे सुमारे ५,२०० टन कण दरवर्षी पृथ्वीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. वातावरणाच्या माथ्यावर येणारा माल याच्या कितीतरी पट असतो, पण बराचसा वाटेतच वाफ होऊन जातो.

५,२०० टन हा आकडा पृथ्वीच्या क्षेत्रफळात वाटला की त्याचा रुबाब उतरतो. महाराष्ट्राच्या वाट्याला वर्षाला जेमतेम तीन टन येतात, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास. (अक्षांशाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अंदाजाला एवढं चालेल.) संभाजीनगरच्या सिडको-हडकोतल्या हजार चौरस फुटांच्या एखाद्या गच्चीवर पडतो वर्षाला साधारण एक मिलिग्रॅम. म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनाएवढा अवकाशाचा ऐवज त्या गच्चीवर जमायला तीस वर्षं लागतील, तेही वाऱ्याने आणि केरसुणीने मध्ये काही नेलं नाही तर. मात्र वजनाऐवजी संख्या मोजली की चित्र बदलतं. मिलिमीटरचा दहावा भाग एवढ्या आकाराचा कण दर चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण एक पडतो असं धरतात. त्या हिशेबाने त्याच गच्चीवर दरवर्षी नव्वदेक कण उतरतात. ते तिथे आहेत याबद्दल वाद नाही. ते ओळखायचे कसे, आणि त्यातही आपल्या शहरात कसे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

हे कण येतात कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मराठीत वाचायला मिळतं. धूमकेतू सूर्याजवळ आले की त्यांच्यातला बर्फ उडतो आणि त्याबरोबर धूळ सुटते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात लघुग्रह एकमेकांवर आपटतात आणि त्यांचाही चुरा होतो. ही धूळ सूर्याभोवती फिरत राहते. सूर्यप्रकाशाचाच तिला किंचित अडथळा होतो, तिचा वेग हळूहळू कमी होतो आणि ती आतल्या बाजूला सरकत येते. वाटेत पृथ्वी आडवी आली तर काही कण तिच्या हाती लागतात. ही धूळ एकत्रितपणे डोळ्यांनी पाहताही येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अमावास्येच्या आसपास म्हैसमाळच्या पठारावरून, संधिप्रकाश पूर्ण मावळल्यावर, पश्चिमेला क्षितिजापासून तिरका वर चढणारा फिकट उजेडाचा पट्टा दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. शहराच्या दिव्यांतून तो दिसत नाही, आणि हे दिवे आता खुलताबादपर्यंत पोचले आहेत.

वातावरणात शिरताना कणाचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो. जमिनीपासून ८०-१०० किलोमीटर उंचीवर हवेशी गाठ पडते आणि काही सेकंदांतच सगळा निकाल लागतो. मोठे आणि फार वेगवान कण वाफ होऊन जातात. मधले वितळतात, पृष्ठताणामुळे गोल होतात आणि थंड होताना त्यांच्या अंगावर स्फटिकांची नक्षी उमटते. अगदी बारीक कण उष्णता इतक्या लवकर बाहेर टाकतात की वितळतही नाहीत; जसे आले तसेच खाली येतात. वेग संपला की उरतो तो संथ उतार, तो कित्येक दिवस चालतो. म्हणून जेमिनिड किंवा पर्सिड उल्कावर्षावाच्या दुसऱ्या दिवशी गच्ची झाडून काही हाती लागेल ही कल्पना सोडून द्यावी. वर्षावातले दिसणारे कण बहुतेक जळून जातात, आणि गच्चीवर सापडतो तो रोजचा, बिनगाजावाजाचा माल.

आता शोधणाऱ्यांकडे येऊ. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र मोजत फिरलं. त्या मोहिमेतल्या जॉन मरी यांनी खोल समुद्रातला गाळ चुंबकाने चाळला आणि त्यातून काळ्या, चकचकीत, गोल गोळ्या निघाल्या. त्या आकाशातून आल्या असाव्यात असं त्यांनी मांडलं, आणि ते बरोबर होतं. खोल समुद्र का, याचं उत्तर सोपं आहे. तिथे जमिनीवरची धूळ जवळजवळ पोचत नाही आणि गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर एवढ्याच गतीने साचतो. वरून पडलेला कण तिथे फारशा गर्दीत सापडत नाही.

हेच काम आपल्या शेजारी, गोव्यात, अनेक वर्षं चाललं आहे. आणि मराठी वाचकाला त्याची जवळजवळ काहीच कल्पना नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. पणजीजवळ दोनापावलच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंद महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबं असलेले हे गोटे मध्य हिंद महासागरात सुमारे पाच किलोमीटर खोलीवर पसरलेले आहेत. त्यांच्यापायी भारताने या भागाची कसून पाहणी केली. खाणीच्या आशेने जिथे जहाजं फिरली, त्याच भागातल्या गाळातून संस्थेतल्या एम. श्याम प्रसाद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातले कण वेचायला घेतले. गाळ धुवायचा, चाळायचा, चुंबकाने वेगळा करायचा आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक करून निवडायचं. या कामाला कुठलाही जवळचा रस्ता नाही. २०१३ मध्ये त्यांनी गेल्या सुमारे ५० हजार वर्षांत पृथ्वीवर किती सूक्ष्म अशनी पडत आले याचा अंदाज प्रसिद्ध केला. एन. जी. रुद्रस्वामी यांनी हे काम पुढे नेलं. अंटार्क्टिकात भारताच्या ‘मैत्री’ केंद्राच्या परिसरातून मिळवलेल्या कणांवरही त्यांच्या गटाने संशोधन केलं आहे. जगात या विषयावर गंभीरपणे काम करणारे गट थोडे आहेत. त्यातला एक कोकणच्या किनाऱ्याला लागून आहे.

समुद्राचा तळ आणि ध्रुवाचा बर्फ या दोन्ही जागा निवडल्या गेल्या त्या तिथे हे कण जास्त पडतात म्हणून नव्हे, तर तिथे बाकी काही पडत नाही म्हणून. शहरात त्यांचा शोध घेणं हा वेडेपणा आहे असंच बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. हे मत बदलायला लावलं ते नॉर्वेतल्या जॅझ गिटार वाजवणाऱ्या एका कलावंताने. योन लार्सन यांचा भूशास्त्राशी संबंध हौसेचा. २००९ पासून त्यांनी छपरांच्या पन्हळी, रस्त्याच्या कडा, गटारांचा गाळ गोळा करायला सुरुवात केली आणि तज्ज्ञांनी नकार दिला तरी सोडलं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले मॅथ्यू गेंज यांनी अखेर त्यांचे कण तपासले. २०१७ मध्ये दोघांनी इतर सहकाऱ्यांसह शोधनिबंध प्रसिद्ध केला : ऑस्लो आणि पॅरिससारख्या शहरांतल्या छपरांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म अशनी. लार्सन यांची खरी करामत मला वेगळीच वाटते. त्यांनी अशनी शोधायला शिकण्याआधी अशनी नसलेले कण ओळखायला शिकून घेतलं. रस्त्यावरचे, कारखान्यातले, फटाक्यांतले, छपराच्या डांबरी थरातले असे शेकडो प्रकारचे कण त्यांनी छायाचित्रांसह नोंदवले. उरला तो अवकाशातला.

ही यादी ऑस्लोची आहे. आपल्या शहराला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

सुरुवात जमिनीपासून करू. मराठवाड्यात चुंबक जमिनीला लावला तर तो रिकामा परत येत नाही. खाम नदीच्या पात्रातल्या वाळूतून, शेताच्या बांधावरून, घरासमोरच्या रस्त्यावरून चुंबक फिरवा. काळ्या कणांची दाढी त्याला चिकटते. पहिल्यांदा हे पाहणारी मुलं हमखास ओरडतात की अशनी सापडले. ते अशनी नसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जो लाव्हा थरावर थर पसरला, ज्याच्यातून वेरूळची लेणी कोरली आणि देवगिरीचा कडा तासला, त्या बेसाल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम असलेली चुंबकीय खनिजं खच्चून भरलेली आहेत. खडक झिजतो, माती होते, पाऊस हलकी माती वाहून नेतो आणि जड काळे कण मागे राहतात. ऑस्लोतल्या हौशी माणसाला चुंबक ही मोठी चाळणी वाटते. इथे चुंबक म्हणजे नुसती सुरुवात. सुदैवाने हे कण कोनदार असतात, गोल नसतात. त्यामुळे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकातही त्यातले बहुतेक बाद करता येतात.

गोल कणांचं काय? गोल कण आपल्याकडे कारखान्यांतून येतात. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या तीन औद्योगिक वसाहतींनी या शहराला पोट दिलं. १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटो आली आणि तिच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. जिथे ग्राइंडर फिरतो तिथे ठिणगी उडते. ठिणगी म्हणजे पोलादाचा बारीक कपचा, हवेत पेट घेतलेला. तो उडता उडता वितळतो, पृष्ठताणाने गोल होतो, वर लोहाच्या ऑक्साइडचं काळं कवच धरतो आणि थिजतो. म्हणजे ८० किलोमीटर उंचीवर लोखंडी अशनीकणाचं जे होतं, जवळपास तेच वाळूजमधल्या शेडमध्ये छातीच्या उंचीवर होतं. म्हणून हे दोन कण भिंगाखाली जुळे भाऊ वाटतात. त्यात वेल्डिंगचे गोळे मिसळा. पूर्वेला साठेक किलोमीटरवर जालना आहे, सळयांच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या भट्ट्यांचा धूर वाऱ्यावर कुठवर जातो हे वेगळं सांगायला नको. कोळसा जाळणाऱ्या बॉयलरमधून काचेचे पोकळ गोळे निघतात, ते चुंबकाला लागत नाहीत पण दिसायला फसवे असतात. आणि दिवाळी. फुलबाजीत लोखंडाचा चुरा असतो, आणि तिची प्रत्येक ठिणगी आपल्यामागे एक गोळा सोडते. एका इमारतीतली पोरं एका संध्याकाळी जितके गोळे गच्चीवर टाकतात, तितके अवकाशातून पडायला पिढ्या लागतील.

छपराचाही प्रश्न आहे. मराठवाड्यातली जुनी माळवदं, पांढऱ्या मातीची धाबी, या कामाला अजिबात उपयोगाची नाहीत, कारण छप्पर म्हणजेच माती. पत्र्याच्या शेडवरून जस्त आणि गंजाचे पापुद्रे सुटतात. उत्तम ती सिमेंटच्या स्लॅबची, टाइल न लावलेली, एकाच पाइपने पाणी खाली सोडणारी मोठी गच्ची. शाळेची असेल तर फारच छान, आणि शेजारी फॅब्रिकेशनचं दुकान नको. काढणी पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आत करावी. चार महिन्यांच्या पावसाने हलका गाळ वाहून गेलेला असतो आणि जड कण पाइपच्या तोंडाशी साचलेले असतात. नेमकं याच दिवसांत दसऱ्याची साफसफाई निघते आणि तो गाळ कचऱ्यात जातो, एवढं ध्यानात ठेवायचं.

एक विनोदी शंका नेहमी विचारली जाते, तिचं उत्तर इथेच देऊन टाकतो. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकापासून उघड्यावर उभं आहे, बाराशे वर्षं त्याच्या माथ्यावर अवकाशातली धूळ पडते आहे, मग तिथे जाऊन का पाहू नये? पहिलं कारण असं की ते संरक्षित स्मारक आहे आणि तिथून मातीची चिमूटही उचलायची नाही. दुसरं, ते स्वतःच बेसाल्टचं आहे.

मग ओळख पटते कशी? नजरेला आधी दिसतो तो आकार आणि पोत. दगडी प्रकारचा अशनीकण बहुधा पूर्ण गोल नसतो, थोडा लांबट असतो. पृष्ठभागावर ऑलिव्हिन खनिजाच्या समांतर पट्ट्या दिसतात, आणि कधी कधी एका टोकाला निकेलयुक्त लोखंडाचा मणी पुढे सरकून अडकलेला असतो. वितळलेला थेंब हवेत वेगाने थबकतो तेव्हा आतला जड धातू पुढे धावतो, त्याची ती खूण. पण नजर साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निकाल लागतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रासायनिक घटक मोजल्यावर. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांचं प्रमाण आदिम अशनींशी जुळलं पाहिजे. निकेल सापडलं म्हणून हुरळून जाऊ नये. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं, पण त्यासोबत भरपूर क्रोमियम निघतं आणि तिथे सोंग उघडं पडतं. त्याहून कडक पुरावा हवा असेल तर कणातल्या किरणोत्सारी ॲल्युमिनियम-२६ सारख्या समस्थानिकांकडे जावं लागतं. वैश्विक किरणांच्या माऱ्यात दीर्घकाळ राहिल्याशिवाय ते अंगी मुरत नाहीत. ही मोजमापं गच्चीवर होत नाहीत, आणि प्रयोगशाळेचा वेळ मागायचा तर आधी हजार कणांतून योग्य असे चार निवडून नेता आले पाहिजेत.

लोणारचं नाव अजून कसं आलं नाही, असं वाचकाला वाटलं असेल. संभाजीनगरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बेसाल्टमध्ये आघाताने झालेलं, १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर अवकाशाशी आपलं सर्वांत ठळक नातं आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचं की अशनीच्या आघाताचं, हा वाद दीडशे वर्षं चालला आणि १९७३ च्या सुमारास आघाताच्या बाजूने निकाली निघाला. वयाचा वाद मात्र आहेच. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतात, २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार आली. लोणारच्या काठावरच्या मातीतही सूक्ष्म काचेचे गोळे सापडतात. आघाताने इथलाच बेसाल्ट वितळून हवेत उडाला आणि थेंबाथेंबाने खाली पडला, त्याचे हे गोळे. त्यांच्यात आलेल्या अशनीचा अंश आहे, पण मुख्य माल दख्खनचा. म्हणजे तो कण दिसतो अवकाशाचा आणि असतो बुलडाण्याचा. या पुस्तिकेत लोणारला एकच प्रकरण दिलं आहे. कमी वाटलं तर हे कारण.

दुसरा प्रश्न जीवसृष्टीचा. धूमकेतूंच्या धुळीबरोबर सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असतील का, याचा मराठी माणसाने प्रयोगाने घेतलेला शोध म्हणजे जयंत नारळीकरांचा. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून फुगा सोडला गेला आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. २००५ मध्ये हा प्रयोग अधिक काळजीने पुन्हा झाला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने हे नमुने स्वतंत्रपणे तपासले. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या, त्यातल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. ते अवकाशातूनच आले असं यावरून सिद्ध होत नाही, हे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट केलं गेलं. माझं मत विचाराल तर या प्रयोगाची मातब्बरी जिवाणूंपेक्षा त्या शिस्तीत आहे : वर नेलेलं उपकरणच खालच्या जंतूंनी बाटलेलं नाही याची खात्री करायला त्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले. गच्चीवर चाळणी घेऊन बसणाऱ्याने वाचावं असं त्यात बरंच आहे.

आता या विषयात नवा गोंधळ माणूसच वरून घालतो आहे. निकामी उपग्रह आणि रॉकेटचे टप्पे वातावरणात जळतात, त्यांची वाफ थिजते. स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत यानांमधून आलेलं ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. लाडबोरीचं कडं निदान हाताने उचलता आलं. त्याच रॉकेटचं जे जळून गेलं ते वर कुठे पसरलं आणि कधी खाली येईल, हा हिशेब आता सुरू झाला आहे.

पुस्तिकेची रचना उलटी वाटेल. पहिली तीन प्रकरणं अवकाशाबद्दल नाहीतच : एक बेसाल्टच्या कणांवर, एक कारखाने आणि फटाक्यांवर, एक छपरांवर. अवकाशातला कण चौथ्या प्रकरणात येतो. शाळेतल्या मुलांनी वाटल्यास थेट तिथून सुरुवात करावी, मलाही त्या वयात धीर निघाला नसता. पण पहिला गाळ चाळायला बसण्याआधी वाळूजचं प्रकरण वाचून घ्यावं, आणि सोबत ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमधून ग्राइंडरखालचा चिमूटभर चुरा कागदात बांधून आणावा. प्रत्येक नव्या गोळ्याशेजारी तो भिंगाखाली ठेवायला लागेल.